पट्टी काढायला मी सांगितलं

सलाइनच्या बाटलीवर उभी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर पेनने तासांच्या खुणा करायच्या, हे मला आक्कांनी शिकवलं. दहा वाजता पाणी इथे असलं पाहिजे, अकरा वाजता इथे, बारा वाजता इथे. येता-जाता नुसती नजर टाकली तरी कळतं, सलाइन वेळेवर आहे, मागे पडलंय की पळतंय. बाहेरच्या माणसाला हे काम वाटणारही नाही. पण नव्वदच्या दशकात आमच्या वॉर्डात दोन नर्स असायच्या आणि पेशंट खाटांवर मावत नसत. ती पट्टी म्हणजे आमची तिसरी नर्स होती.

संपादकांनी नर्सिंगमधल्या आठवणी मागितल्या. बरे होऊन पेढे घेऊन आलेले पेशंट, लग्नाच्या पत्रिका पाठवणाऱ्या मुली, हे त्यांच्या मनात असणार. तसंही झालं, नाही असं नाही. पण इतक्या वर्षांत मी ज्या एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळून बघते ती ही पट्टी आहे. म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

आधी आमचं काम थोडं समजावून सांगते. शिरेतून औषध द्यायचं तर ते किती वेळात जातं यावर सगळं अवलंबून असतं. तेच औषध चार तासांत गेलं तर उपचार, चार मिनिटांत गेलं तर घात. हा वेग आम्ही नळीवरच्या एका छोट्या प्लास्टिकच्या चाकाने ठरवायचो. चाक सरकवायचं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं आणि थेंब मोजायचे. मिनिटाला पंचवीस, मिनिटाला दहा. पेशंटने कोपर वाकवलं की पंचविसाचे पाच होतात. हात सरळ केला की चाळीस. आणि नर्स पुढच्या खाटेकडे गेली की नातेवाईक ते चाक फिरवतात.

का फिरवतात, याची एकाहून एक कारणं आहेत. एका म्हाताऱ्यांनी आपल्या भावाचं सलाइन पूर्ण सोडून दिलं होतं. भावाला धाप लागली, ओठ काळेनिळे पडले, आमची पळापळ झाली. सगळं निवळल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे मलाच विचारलं, "अवो सिस्टरबाई, आमच्या गुऱ्हाळात रस असा थेंबथेंब गळाय लागला तर गूळ कवा व्हायचा?" भाऊ वाचला म्हणून आज हसू येतं. त्या दिवशी मी ठरवलं, थेंब मोजायचं काम माणसाच्या हातातून काढून घेणारं एखादं यंत्र आलं तर त्याला पहिला हार मी घालीन.

आक्कांना मात्र यंत्राची हौस नव्हती. त्यांचं आडनाव कांबळे. पण सीमेकडच्या एका पेशंटने आक्का म्हणून हाक मारली आणि ती सगळ्या हॉस्पिटलने उचलली, मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. एएनएम झालेल्या, म्हणजे दीड-दोन वर्षांचं शिक्षण. आम्ही तीन वर्षांच्या जीएनएमवाल्या. हा फरक पगारात दिसतो, बढतीत दिसतो आणि कोण कुणाला काय सांगतं यातही दिसतो. मी नवीन होते तेव्हा आक्कांनी मला शीर शोधायला शिकवलं, रडणाऱ्या नातेवाइकाला कामाला लावायला शिकवलं, पट्टी लावायला शिकवलं. मी 'सुनंदे' होते. दहा वर्षांनी मी आयसीयूची इन्चार्ज झाले आणि त्या माझ्या हाताखाली आल्या. तरी मी सुनंदेच राहिले. मला त्यात वावगं वाटलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहायला हरकत नाही.

दोन हजार सालानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात सिरिंज पंप आले. आठ खाटांच्या आयसीयूला सहा पंप. पंप म्हणजे पावाच्या लादीएवढी पेटी. तिच्यात औषध भरलेली पन्नास मिलीची मोठी सिरिंज आडवी बसवायची. मोटर सिरिंजचा दांडा मागून हळूहळू ढकलते. तासाला चार मिली म्हणून आकडा दाबला की चारच मिली जाणार. चाक नाही, थेंब नाहीत, गुऱ्हाळवाले नाहीत. पुण्याहून कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवायला आला. जागा कमी म्हणून फक्त जीएनएम नर्सना बसवलं. यादी मी केली होती.

यंत्र आलं म्हणजे वापरलं जातं असं नाही. पहिले दोन महिने पंप कपाटात होते. काढा म्हटलं की सगळ्यांना काहीतरी काम निघायचं. त्यांची भीती खोटी नव्हती. पंप मध्येच मोठ्याने ओरडतो. नळीला पीळ पडला, ओरडतो. बॅटरी उतरली, ओरडतो. औषध संपत आलं, ओरडतो. तो ओरडला की काचेबाहेरचे नातेवाईक दार ढकलून आत येतात आणि नर्सवर ओरडतात. एकदा मी फेरी मारताना एक पंप अगदीच मुका वाटला. उलटा करून बघितला तर आवाजाच्या भोकांत कापूस कोंबून वर पट्टी मारली होती. कापूस अगदी नीट, कानात घालतात तसा. कुणी केलं म्हणून विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दसऱ्याला मात्र सहाच्या सहा पंपांना हळदकुंकू लागलं होतं.

मी मागे लागले. रोज ड्युटी सुरू होताना प्रत्येकीकडून पंप लावून घेतला. जिने बंद ठेवला तिला सगळ्यांसमोर बोलले. मला वाईटपणा घ्यायची लाज नव्हती, आजही नाही. सहा महिन्यांत पोरी पंपाशिवाय काम करायला तयार होईनात. मला आनंद झाला. आक्काही पंप लावायला शिकल्या, रेश्मा नावाच्या धाकट्या नर्सकडून, आणि चांगल्या शिकल्या. पण पंपात बसवलेल्या सिरिंजवरसुद्धा त्या पट्टी लावायच्या. बारीक कापलेली, तासांच्या खुणा केलेली.

"आक्का, पंपावर आकडा दिसतोय की. पट्टी कशाला?"

"तो आकडा म्हंजी त्याला काय सांगिटलंय ते, सुनंदे. त्यानं काय केलंय ते न्हवं."

मी हसले आणि सोडून दिलं. पोरीही त्यांचं बघून पट्ट्या लावायला लागल्या.

मग एकदा बाहेरून तपासणीला माणसं आली. सुटातल्या एका गृहस्थांनी सिरिंजवरची पट्टी बघितली आणि मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ही कशासाठी? तुमचे पंप नीट चालत नाहीत का? मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडला. ती माणसं गेल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दोन वाक्यांत सांगितलं, की लाखाची यंत्रं घेऊन त्यावर खेड्यातल्या दवाखान्यासारख्या पट्ट्या दिसता कामा नयेत. मला ते पटलं. दडपणाखाली केलं असं मी म्हणणार नाही. मला पटलंच होतं. पट्टी म्हणजे यंत्रावरचा अविश्वास, आणि हाच अविश्वास मोडायला मी सहा महिने खटपट केली होती. सिरिंजवर पट्टी लावायची नाही, अशी नोटीस मी माझ्या अक्षरात लिहून टेबलामागे चिकटवली. पोरींनी ऐकलं. आक्कांनी पट्टी सिरिंजच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे लावायला सुरुवात केली. मला दिसली की मी ती काढून टाकायची. एका दुपारी मी त्यांच्यादेखत तीन पट्ट्या ओढून काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या. त्यानंतर त्यांनी लावणं सोडलं.

रविवारचा घोळ इथून सुरू झाला.

पन्नास मिली औषध तासाला पाच या वेगाने दहा तास पुरायला हवं. ते आठ तासांतच संपायला लागलं. रोज नाही. रविवारी. आणि रविवारी दुपारची ड्युटी बहुतेक वेळा आक्कांची असायची. पोरींची लहान मुलं होती, एक सुट्टी त्यांना घरी मिळावी म्हणून आक्का स्वतःहून रविवार घ्यायच्या. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी सोमवारी टेक्निशियनला बोलावून पंप तपासून घेतला. पंप अगदी बरोबर होता. मग राहिलं काय? सिरिंज भरणारा हात.

मी आक्कांना टेबलापाशी बोलावलं. रेश्मा तिथे होती, तिला मी जा म्हटलं नाही, हेही आता खटकतं.

"आक्का, काल पन्नास मिली भरलं होतं का?"

"पन्नासच भरलं हुतं."

"मग दोन तास आधी संपलं कसं?"

"ते त्या यंत्राला इचार. पळतंय ते."

"आज तपासून घेतलंय. पंप पळत नाही."

"आज न्हाई पळत. काल पळालं." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "थेंब मोजून केसं पांढरी झाली माझी. येत्या रविवारी एक डाव पट्टी लावू दे. तुला दावते की."

एक पट्टी. तेवढंच त्या मागत होत्या. मी नाही म्हटलं. नोटीस माझीच होती, आणि रेश्मासमोर ती मोडायला मी तयार नव्हते. त्याच आठवड्यात मी मेमो लिहिला. औषध भरताना मोजमापात वारंवार हलगर्जीपणा, सूचना देऊनही सुधारणा नाही. खाली माझी सही. आक्कांना आयसीयूतून काढून तळमजल्यावरच्या ड्रेसिंग रूमला पाठवलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेला तो एकमेव मेमो. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती, तीन वर्षांचं शिक्षण झालेली, वेगळ्या आडनावाची, तर मी तिचं एक डाव ऐकून घेतलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे. आलेलं उत्तर मला आवडलं नाही.

मेमो हातात घेताना त्या म्हणाल्या, "सही कुठं करू?" मी बोट ठेवलं. सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "आनी काय काम हाय, इन्चार्जबाई?"

त्यानंतर रविवारी सिरिंजा लवकर संपायच्या थांबल्या. मला वाटलं, बघा. खरं कारण पुढे कळलं. योगायोगाने ते पाच-सहा रविवार पंपावर पन्नासची नवी सिरिंज लावायची वेळ दुपारी आलीच नव्हती.

मग बिद्रीकडच्या एक बाई आमच्याकडे आल्या. पंचेचाळिशीच्या, घरी सात-आठ म्हशी, डेअरीला दूध घालायचं सगळं काम त्यांच्याकडे. साखरेचा आजार होता, त्यात न्यूमोनिया झाला आणि साखर भलतीच वाढली. इन्सुलिन पंपावर लावलं, तासाला चार. तीन दिवसांत बाई सुधारल्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, म्हशी दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाईत, मला सोडा लवकर." शनिवारी मी त्यांना म्हटलं, मंगळवारी वॉर्डात पाठवते. त्यांचे मालक बाहेर बाकावर बसून असायचे. कुणी काही आणायला सांगितलं की चप्पल पायात घालायच्या आधीच निघालेले असायचे.

रविवारी मी घरी होते. पुढचं मला रेश्माने सांगितलं, आणि तिने काही लपवलं नाही. दुपारी इन्सुलिनची सिरिंज संपली. नवी भरायची होती. हॉस्पिटलचं औषधांचं दुकान रविवारी दुपारी बंद असतं. रेश्माने चिठ्ठी लिहून मालकांच्या हातात दिली, ते रस्ता ओलांडून समोरच्या दुकानातून पन्नासची सिरिंज घेऊन आले. तिने औषध भरलं, पंपावर चारचा आकडा तसाच होता, सुरू केलं. चार वाजता साखर बघितली, ठीक होती. सहाला परत बघायची होती. पण साडेपाचला अपघाताचे दोन पेशंट एकदम आले आणि ती त्यांच्यात अडकली. बाई झोपल्यासारख्या दिसत होत्या. पंप शांत होता. पंप ओरडला असता तर ती धावली असती, पण पंपाच्या दृष्टीने सगळं बरोबर चाललं होतं. सव्वासातला ती वळली तेव्हा बाईंचं अंग घामाने भिजलेलं होतं आणि त्या हाकेला ओ देत नव्हत्या. साखर इतकी खाली, की मीटरने आकडाच दाखवला नाही.

ग्लुकोज दिलं. साखर वर आली. बाई पुरत्या परत आल्या नाहीत. डोळे उघडायच्या, बघायच्या. मालकांना ओळखलं की नाही हे सांगता येत नव्हतं.

सोमवारी मी गेले तेव्हा मालक बाकावर नव्हते, खाटेजवळ उभे होते. त्यांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून मला दाखवली. "पन्नासची सिरिंज, एक. हे बघा, असंच लिवल्यालं हाय. सोता वाचली आणि पळतच आणली मी." त्यांना नक्की काय विचारायचं होतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.

चिठ्ठीवर कंपनीचं नाव नव्हतं. आम्ही कधीच लिहीत नव्हतो.

मी खाली कचऱ्यात हात घालून ती सिरिंज काढली. आमच्या दुकानातल्या सिरिंजेशेजारी धरली. दोन्हींवर पन्नास लिहिलेलं, दोन्हींवर रेघा. पण समोरच्या दुकानातली अंगाने किंचित जाड होती, आणि लांबीला आखूड. तुम्ही हातात घेतली तर लक्षातही येणार नाही. पंप मात्र मिली मोजत नाही. तो दांडा किती सरकवला ते मोजतो. सिरिंज जाड असेल तर तेवढ्याच सरकण्यात जास्त औषध आत जातं.

त्या दुपारी मी स्टोअर रूमचं दार लावून घेतलं. जाड सिरिंजेत साधं पाणी भरलं, पंपावर चढवली, तासाला चारचा आकडा दाबला, नळी मोजपात्रात सोडली. आणि सिरिंजवर पट्टी लावून पेनने खुणा केल्या. दुसरं काही सुचेना. मग स्टुलावर बसले. अर्ध्या तासातच पाणी खुणेच्या पुढे गेलं होतं. एक तास झाला तेव्हा मोजपात्रात पाच होतं. मग आमची सिरिंज लावली. चार.

घरी येऊन ट्रेनिंगची वही काढली. कंपनीच्या माणसाने दुसऱ्या दिवशी, चहाच्या आधी, सांगितलं होतं. माझ्याच अक्षरात होतं: 'सिरिंज एकाच कंपनीची वापरणे. बदलली तर पंपात नोंद बदलणे.' खाली रेघसुद्धा मारलेली. ज्या वर्गात हे सांगितलं त्यात आक्कांना मी बसवलं नव्हतं. मी बसले होते, आणि विसरले होते. ज्या बाईला माहीत नव्हतं तिने डोळ्यांनी पकडलं होतं.

मंगळवारी मी वही, दोन्ही सिरिंजा आणि मोजपात्र घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. बराच वेळ ते जाड सिरिंज हातात फिरवत होते. मग त्यांनी त्याच दिवशी पत्रक काढलं, की आयसीयूत एकाच कंपनीच्या सिरिंजा वापरायच्या आणि रविवारसाठी साठा वर ठेवायचा. कारण पत्रकात नव्हतं. आक्कांचा मेमो मागे घ्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, कशाच्या आधारावर मागे घेऊ? आधार लिहिला तर तो त्या बाईंच्या केसलाही लागू होतो. मला ते कळलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायलाच हवं होतं. मालकांना सांगितलं गेलं, की साखरेच्या आजारात असं होतं. सांगायला मोठे डॉक्टर होते, शेजारी मी उभी होते. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

दीड महिन्याने त्यांनी बाईंना घरी नेलं. जीपच्या मागच्या सीटवर गादी टाकून. जाताना मालकांनी आयसीयूतल्या सगळ्यांना एकेक लिटर दूध पाठवून दिलं.

मी नोटीस टेबलामागून फाडली. पट्ट्या परत लावायला सांगितल्या. पोरींनी पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या, आधी लावू नका, आता लावा. काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी दुसरे गृहस्थ होते. त्यांनी पट्टी बघितली आणि फार कौतुक केलं. यंत्रावर माणसाची दुहेरी तपासणी, असं काहीतरी म्हणाले, आणि या पद्धतीला त्यांच्याकडे एक इंग्रजी नावही होतं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ही आमच्या स्टाफची स्वतःची कल्पना. आक्का तेव्हा खाली ड्रेसिंग रूममध्ये कुणाच्या तरी पायाची जखम धूत होत्या. आणखी सात महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. नारळ, शाल, दोन भाषणं. मेमो फाइलमध्ये तसाच. मी भाषण केलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले, मंगळवार पेठेत. दोन खोल्या, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. खाली आक्कांच्या वडिलांचा, ज्यांनी धर्मांतर झाल्यावर पोरीला नर्सच करायचं असं धरून ठेवलं होतं. ही गोष्ट आक्कांनी मला नवीन असताना सांगितली होती. त्यांनी चहा टाकला. मी सगळं सांगितलं. रविवारचं दुकान, जाड सिरिंज, वहीतली ओळ, मोजपात्र. मध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला, मोजपात्रात किती आलं. मी पाच म्हटलं. त्यांनी मान हलवली, एखाद्या हिशेबाचं उत्तर जुळावं तशी. मी म्हटलं, आक्का, चूक माझी होती.

"ते मला त्याच दिवशी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "मेमो फाडलासा?"

"नाही. फाडू देत नाहीत."

"आनी त्या बिद्रीकडच्या पावण्यास्नी सांगिटलासा, कशानं झालं ते?"

"नाही."

त्यांनी कपबशी माझ्यापुढे ठेवली. "मग मला सांगून काय उपेग, बाई? ज्याला सांगायचं त्याला न्हाई सांगिटलं." मी कपाला हात लावला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चा घ्या. निवतोय."

पूर्वी त्या म्हणायच्या, चा घे गं.

आक्का आता नाहीत. मी सगळी नावं इथे बदलली आहेत, माझंसुद्धा. मोठे डॉक्टरही निवृत्त झाले, त्यामुळे कुणाच्या नोकरीला धोका नाही. माझी तर संपलीच. बिद्रीची एसटी पकडायला मी दोनदा स्टँडवर गेले होते. एकदा गाडी लागली होती, दारात कंडक्टर उभा होता, आणि मी पेपर घेऊन परत आले. दुसऱ्यांदा गाडीत बसलेसुद्धा.

हा अंक छापून आला की एक प्रत घेऊन तिसऱ्यांदा जायचं आहे. बाई अजून आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मालक असतील तर तोंडाने सांगायचा प्रयत्न करीन, नाही जमलं तर ही पानं त्यांच्या हातात देईन. त्यांना नीट वाचता येतं. त्या रविवारी चिठ्ठी वाचून ते रस्त्यापलीकडे गेले होते, आणि तिच्यावर आम्ही जे लिहिलं होतं, अगदी तेच घेऊन आले होते.